मदतीचं पथक निघण्याआधी



३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. रस्त्याने आलेल्या एस.टी.च्या चालकाला नेहमीचे गावच दिसेना, तेव्हा बाहेर बातमी कळली. १५१ माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांचा शोध चार दिवसांनी थांबवावा लागला. माळीण महादेव कोळ्यांचे, इर्शाळवाडी ठाकरांची. दोन्ही ठिकाणी डोंगरातली आदिवासी माणसं आणि दोन्ही वेळा भर पावसाळा.

पावसाळ्यात आपले गाळप बंद असते. वाहने उभी, माणसे थोडी मोकळी. म्हणून डॉक्टर, परिचारिका आणि तरुण सभासदांचे स्वयंसेवी वैद्यकीय पथक पावसाळ्यापूर्वीच सज्ज ठेवावे, असे आम्ही योजले आहे. मात्र गाडी भरून निघालो म्हणजे मदत झाली, असे नव्हे.

पहिली गोष्ट, विचारल्याशिवाय जायचं नाही. काय हवे, कुठे हवे, हे तहसीलदार आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी सांगतील. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर चढेनात, म्हणून जवानांनी हातांनी माती उपसली. अशा ठिकाणी ट्रॉलीभर सामान पायथ्यालाच भिजत पडते. तेव्हा औषधांची खोकी एका माणसाच्या पाठीवर जातील एवढीच बांधायची आणि प्रत्येकावर आतल्या मालाची यादी चिकटवायची. आपला शिधा, आपला तंबू, आपलं पाणी आपणच न्यायचं. ज्याचं घर गेलं, त्याच्या चुलीवर पथकाचा भार नको.

दुसरी गोष्ट खोक्यातल्या मालाची. दरडीत गेलेल्यांच्या मृतदेहांमुळे साथ येते, ही भीती बहुतेक वेळा खोटी ठरते. साथ येते ती घाण पाण्याने आणि निवाऱ्यातल्या दाटीने. म्हणून क्लोरिनच्या गोळ्या आणि जलसंजीवनीची पाकिटं आधी. चिखलाने माखलेली जखम भरपूर पाण्याने धुवावी, लगेच टाके घालून बंद करू नये, नाहीतर आत पू धरतो. धनुर्वाताची लस हवीच. चिखलात वावरणाऱ्याला लेप्टोचा धोका असतो, त्याने ताप अंगावर काढू नये. आणि एक विसरायचं नाही : घराबरोबर क्षयाच्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्याही गाडल्या जातात. त्या खंडल्या तर दरडीतून वाचलेला माणूस पुढे दुखण्याने जायचा.

तिसरी गोष्ट माणसांची. पथकात बाई डॉक्टर असावी, कारण पुष्कळ बाया पुरुषापुढे दुखणं सांगत नाहीत. त्या भागातली बोली जाणणारी आशाताई सोबत असावी. एका रात्रीत घरची माणसं गेली, त्याला झोपेची गोळी देऊन भागत नाही. त्याच्याजवळ बसावं लागतं. तिथे फोटो काढत हिंडायचं नाही.

पहिल्या आठवड्यात मदतीची झुंबड उडते, दुसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. इर्शाळवाडीची वाचलेली माणसं कित्येक महिने कंटेनरच्या निवाऱ्यात राहिली. माळीणकरांना नवे गाव मिळायला २०१७ साल उजाडले. म्हणून आपले पथक एकदम न जाता तीन तुकड्यांत जावे, आणि शेवटच्या तुकडीने आपल्या रुग्णांची नोंदवही आरोग्य केंद्राच्या हवाली करूनच परतावे.

ज्यांच्या घरात डॉक्टर, परिचारिका किंवा औषधांचे जाणकार असतील, त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव द्यावे. डोंगर चढू शकणारी तरुण पोरंही हवीत. नाव देताना किती दिवस देऊ शकता तेही लिहा. दुसऱ्या महिन्यात येऊ शकणाऱ्यांची आम्हांला जास्त गरज आहे.