खांदा आखडला, कोड चुकला

नोएडात राहतो, फौजेतून निवृत्त. मध्यंतरी माझा डावा खांदा आखडला; शर्टाची बाही चढवताना घाम फुटायचा. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर. पण कागदावर कोड पडला एम२५.५, म्हणजे नुसती सांधेदुखी. फिजिओथेरपीचं बिल परत आलं: दुखण्याला एवढी सत्रं कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत फ्रोझन शोल्डर म्हणजे एम७५.०. 'एम' हा हाडं-स्नायूंचा विभाग, ७५ म्हणजे खांद्याचे विकार, शून्य म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण आखडणं. शेजारचा एम७५.१ रोटेटर कफचा. अमेरिकी आवृत्तीत बाजूही येते: एम७५.०१ उजवा, एम७५.०२ डावा. ग्रिड रेफरन्सचा एक आकडा चुकला की गोळा कुठे पडतो, हे आम्हा फौजींना सांगायला नको!

कोडमागे तपासणीही लिहिलेली हवी. या आजारात दुसऱ्याने धरून फिरवला तरी हात बाहेर वळत नाही. नुसत्या दुखण्यात सहसा वळतो. मधुमेह्यांना हा त्रास जास्त होतो, म्हणून साखर असेल तर तिचा कोडही वेगळा लिहून घ्या.

माझ्या डॉक्टरांनी कोड सुधारला, हात किती वळतो ते अंशांत लिहिलं, सही-शिक्का मारला. तेच बिल मंजूर झालं.