चपट्या नाकाची मुशी

कोकणच्या बाजारात ‘मुशी’ या एकाच नावाखाली अनेक जातींचे लहान शार्क विकले जातात. त्यांतली स्कोलिओडॉन लॅटिकॉडस ही जात ओळखायची तर आधी तोंडाकडे पाहावे. मुस्कट लांब, चपटे, फावड्याच्या पात्यासारखे, डोळे बारीक. पण खात्रीची खूण पाठीवर असते. पहिला पर बराच मागे, छातीच्या परांपेक्षा पोटाच्या परांना जवळ. तिच्याशी घोळ होणाऱ्या ऱ्हायझोप्रायोनोडॉन ॲक्युटस या जातीत तो पुढे सरकलेला असतो, आणि डोळेही मोठे. मुशीचे पिल्लू समजून पुष्कळदा पूर्ण वाढलेला मासाच हातात घेतला जातो, कारण स्कोलिओडॉन ही जात पाऊण मीटरपलीकडे वाढत नाही.

तिचा वावर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खडकाळ तळाशी आणि नद्यांच्या मुखांशी असतो. लहान मासे, कोळंबी आणि माकूळ हे तिचे खाद्य.

प्रजनन मात्र थक्क करणारे आहे. अंडे जेमतेम 1 मिलिमीटरचे, त्यात बलक नगण्य. त्यामुळे गर्भाचे पोषण फार लवकर वारेतून सुरू होते. पाच-सहा महिन्यांनी 12 ते 15 सेंटिमीटरची पिल्ले जन्मतात.