आधी सोडा, मग ओढा

समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने महिनाभर रोटाकॅप, म्हणजे रोटाहेलर या यंत्रातून श्वासावाटे ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल, पाण्यासोबत गिळल्या. डबीतून काढली की ती साध्या कॅप्सूलसारखीच दिसते, आणि कॅप्सूल हातात दिल्यावर माणूस ती गिळणारच. "दम तं लागतेच न जी मले," ही त्यांची तक्रार. वर्धा जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात, छातीच्या विकारांच्या ओपीडीत हे ऐकून कोणी हसलं नाही. टेबलामागच्या सिस्टरने रोटाहेलर पुढे केलं आणि म्हटलं, "काकाजी, घरी कसं घेता ते करून दाखवा."

करून दाखवा. दिवसभर त्या टेबलावर हेच ऐकू येतं. तपासणी होते, चिठ्ठी लिहिली जाते, रांग पुढे सरकते. पण औषध छातीत उतरणार की जिभेवरच राहणार, हे या टेबलाशी ठरतं.

दाबायचा पंप असेल, तर तो हलवायचा, झाकण काढायचं, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, तोंडात धरून ओठ मिटायचे, आणि श्वास आत घ्यायला लागताच कळ दाबून हळूहळू ओढत राहायचं. मग श्वास रोखायचा. इथे सिस्टर स्वतः मोजतात: एक, दोन, तीन. बरेच जण चारवरच तोंड उघडतात. "दहा म्हटलं ना मी? दहा!" त्या पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावतात. लवकर श्वास सोडला, तर औषधाचे बारीक कण श्वासनलिकांत बसायच्या आतच बाहेर पडतात, म्हणून हा दहाचा हट्ट.

रोटाहेलरमधल्या कोरड्या पावडरचा नियम वेगळा. तिथे हळू ओढून चालत नाही, एका दमात जोरात ओढावं लागतं, आणि त्या यंत्रात फुंकायचं तर मुळीच नाही. ज्याच्या पिशवीत दोन्ही यंत्रं असतात, त्याचा गोंधळ ठरलेला. यात रुग्णाला अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. दाबायचा पंप पहिल्यांदा 1956 साली अमेरिकेत बाजारात आला. 1975 ते 2014 या काळातल्या जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नीट इनहेलर घेणारे निघाले शंभरातले जेमतेम 31, आणि चार दशकांत त्यात म्हणण्यासारखी सुधारणा नव्हती. शिकली-सवरलेली शहरंही त्यात आली. सेवाग्राम आणि सावंगी मेघे अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या या जिल्ह्यात औषध मिळतं. ते घेताना समोर बसून बघणारं माणूस सगळीकडे मिळत नाही.

दुसरी चूक जास्त घातक. साल्बुटामॉलचा पंप काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतो, म्हणून तोच लाडका. आतली सूज मात्र तशीच राहते. ती उतरते रोज घ्यायच्या स्टेरॉइडच्या पंपाने, ज्याचा गुण लगेच जाणवत नाही. मग रोजचा बंद पडतो आणि आरामाचा संपत जातो. दम्यासाठी नुसत्या साल्बुटामॉलवर राहू नये, असं 'जिना' ही जागतिक मार्गदर्शक संस्था 2019 पासून स्पष्ट सांगते. त्याच वर्षाच्या जागतिक अंदाजानुसार दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक भारतात होतात. रुग्ण मात्र जगाच्या सुमारे 13 टक्केच.

स्टेरॉइड म्हटलं की लोक बिचकतात. सिस्टर हिशेब मांडतात: या पंपाच्या एका मात्रेत 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.2 मिलिग्रॅम, दम चढला की पोटात घ्यावी लागणारी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी 5 किंवा 10 मिलिग्रॅमची. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकली की तोंडात बुरशीही सहसा होत नाही. "सवय लागते म्हणतात," असं हळूच विचारणाऱ्या एका बाईंची खरी भीती निराळी होती: "पोरीची सोयरिक जुळवाची हाये, पंप कोणाच्या नजरेस पडू नये." सिस्टरने त्यांच्या मुलीलाच बोलावलं आणि तिच्याकडूनही दहा मोजून घेतले.

लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नाही. त्यांना स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लागतो. तो परवडत नसेल, तर पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली चालते: बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक, फट उरली तर ती बंद केलेली. हा जुगाड नाही. केप टाऊनमध्ये दम्याचा झटका आलेल्या मुलांवर हे तपासलं गेलं, 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. फट बुजवलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच कामाला आली. साबणाच्या पाण्याने धुवायची, पुसायची नाही, तशीच निथळू द्यायची. पुसल्याने प्लॅस्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं, थ्रेशर सुरू होतात आणि कुटाराची धूळ गावभर उडते. या धुळीकडे कोणी किरकोळ म्हणून पाहू नये. बार्सिलोना शहरात 1980 च्या दशकात काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण एकाएकी दवाखान्यांत लोटायचे. बंदरात त्या दिवशी सोयाबीन उतरवलेलं असायचं. कोठारांना गाळण्या बसवल्यावर हे थांबलं. वर्ध्याच्या खळ्याला गाळणी बसवता येत नाही. म्हणून समुद्रपूरच्या काकाजींच्या चिठ्ठीवर सिस्टरने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: मळणीच्या वेळी तोंडाला दुपट्टा, रोजचा पंप चालूच, पुढच्या वेळी यंत्र सोबत आणा, करून दाखवायला.