लाठीचा वर्ग : थोड्या पैशात, पण कायमचा

आपल्या मुलामुलींना शरीर कमावण्याची आणि स्वसंरक्षणाची कला शिकता यावी, हा विचार संस्थेच्या बैठकांत वरचेवर निघतो. विचार सर्वांना पटतो. मग कोणीतरी गणवेश, रंगीत पट्टे, मॅट, परीक्षा शुल्क अशी यादी वाचतो आणि विषय तेथेच थांबतो. या यादीतील बहुतेक गोष्टींवाचून वर्ग उत्तम चालतो, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. खर्च कोठे करायचा आणि कोठे टाळायचा, एवढेच आधी ठरवावे लागते.

पूर्वसुरींची उदाहरणे

पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील या वस्तादांकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. तालमीची खरी पुंजी म्हणजे खुद्द वस्ताद.

दुसरे उदाहरण जपानचे आहे. जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने १८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिरात ज्युदोचा वर्ग सुरू केला. जागा अवघ्या बारा चटयांची आणि शिष्य मोजके नऊ. शिकवण्याच्या पगारातून व भाषांतराच्या कामातून ते खर्च भागवीत. सरावाच्या दणक्याने मंदिराच्या फळ्या खिळखिळ्या होत, तेव्हा ते स्वतः खाली शिरून दुरुस्ती करीत. हाच ज्युदो १९६४ साली ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

आपल्याच हातकणंगले तालुक्यात, माणगावला मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांच्या उपस्थितीत परिषद झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व पुढे आले. पुढे महाडच्या सत्याग्रहाच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले. शिस्तबद्ध तरुण ही चळवळीची गरज आहे, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते.

धम्म आणि लाठी

पंचशील घेणाऱ्याने लाठी का शिकावी, असे कोणी विचारील. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत स्पष्ट भेद केला आहे. वर्गात इच्छेला आवर घालायला शिकवावे. ज्याच्या हाताला वळण आहे, तो सहसा हात उगारीत नाही. भांडणात लाठी वापरणाऱ्याला वर्गातून काढले जाईल, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

लाठीच का?

कुस्तीला हौद, माती आणि खुराक लागतो. ज्युदोला मॅट लागतात. कराटेला साहित्य थोडे, पण गणवेश आणि पट्ट्यांच्या परीक्षांचा खर्च मागे लागतो. लाठीला भरीव वेळूची एक काठी पुरते. शिवाय कोल्हापूर परिसरात मर्दानी खेळांची परंपरा जिवंत असल्याने शिक्षक जवळपास मिळण्याची शक्यता अधिक.

काठी सरळ, गाठी तासलेली आणि विद्यार्थ्याच्या उंचीला साजेशी असावी. चीर गेलेली काठी त्याच दिवशी बाजूला काढावी. धारदार तलवार वा पट्टा वर्गात आणू नये. कपडे शाळेच्या खेळाचे चालतील.

जागा आणि वेळ

विहाराचे अंगण, समाजमंदिर किंवा सुट्टीनंतरचे शाळेचे मैदान यांपैकी एक जागा लेखी परवानगीने घ्यावी. लाठी फिरवताना दोघांत किमान दोन काठ्यांचे अंतर हवे, म्हणून तीस मुलांच्या दोन तुकड्या कराव्यात.

वेळ ठरवताना आपल्या गावाचे काम ध्यानात घ्यावे. हुपरीत घरोघरी चांदीचे काम चालते. कड्या जोडायला मुली आईच्या हाताशी बसतात. त्यांच्या घरी विचारून वेळ ठरवली नाही, तर वर्ग केवळ मुलांचाच होईल. मुलींच्या तुकडीच्या वेळी एक जबाबदार महिला कार्यकर्ती हजर असावी. तासन् तास वाकून काम करणाऱ्या तरुण कारागिरांनाही मान, पाठ व खांद्यांच्या व्यायामाचा लाभ होईल.

हिशेब

उदाहरणादाखल तीस विद्यार्थी आणि महिन्याला बारा दिवस वर्ग असे धरू. शुल्क दरमहा रु. १००/- ठेवावे व सहा जणांना पूर्ण माफी द्यावी. चोवीस जणांचे रु. २,४००/- जमतील. त्यांपैकी शिक्षकांचे मानधन व प्रवास रु. १,५००/-, वीज रु. ३००/-, प्रथमोपचार व काठ्या रु. ३००/- आणि शिल्लक रु. ३००/-. आकडे बदलतील, पण क्रम बदलू नये. शिक्षकांचे मानधन सर्वांत आधी आणि ठरल्या तारखेला द्यावे. शिक्षक फुकट शिकवतात म्हणून सुरू झालेला वर्ग, शिक्षकांना दुसरे काम मिळताच बंद पडतो.

बँकेत नोकरी करीत असल्याने एक गोष्ट आग्रहाने सांगतो. संस्थेच्या ठरावाने वेगळे बचत खाते उघडावे व पैसे दोन सह्यांनीच काढावेत. मोबाईलवरून शुल्क घ्यायचे तर क्यूआर कोड याच खात्याचा असावा, कोणा कार्यकर्त्याच्या खासगी खात्याचा नसावा. प्रत्येक रकमेची पावती द्यावी आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च विहाराच्या फलकावर लावावा. माणसे प्रामाणिक असूनही तोंडी हिशेबाने संशय वाढतो आणि चांगले काम मोडते.

मात्र माफी मिळालेल्यांची नावे फलकावर लावू नयेत. शुल्क थकले म्हणून सर्वांसमोर नाव पुकारले, तर ते मूल दुसऱ्या दिवशी येत नाही आणि घरी कारणही सांगत नाही. ज्याच्यासाठी वर्ग काढला तोच असा गळतो. माफीचा निर्णय अध्यक्ष आणि शिक्षक या दोघांपुरताच राहावा.

सुरक्षितता

प्रवेशाच्या वेळी पालकांची संमती व आजाराची माहिती लिहून घ्यावी. पहिला महिना फक्त व्यायाम, पावले आणि एकट्याने फिरवायचे हात. जोडीचा सराव शिक्षकांसमोरच व्हावा. डोक्याला मार लागल्यास खेळ थांबवून मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

पहिले पाऊल

उद्घाटन, मंडप, हारतुरे यांवर खर्च करू नये. तेवढ्यात अनेक मुलांच्या काठ्या येतील. आधी शिक्षक ठरवावेत, नंतर जागा, नंतर खाते, आणि दहा मुले जमली तरी वर्ग सुरू करावा. विद्यार्थी मित्रांनी आपली नावे संस्थेकडे द्यावीत. नोकरीत असलेल्या सभासदांनी प्रत्येकी एका विद्यार्थ्याचे वर्षाचे शुल्क, रु. १,२००/-, उचलावे. तसे सहा सभासद पुढे आले, तर माफीतील सहाही जागांचे पैसे उभे राहतील आणि कोणत्याही मुलाला पैशासाठी अंगणाबाहेर उभे राहावे लागणार नाही.