प्रवासातील अपघात आणि ज्येष्ठांचा भरपाईचा हक्क

पावसाळा ओसरू लागला की अजिंठ्याच्या लेण्यांकडे पर्यटकांचा ओघ वाढतो. ही लेणी सोयगाव तालुक्यात आहेत. छत्रपती संभाजीनगरहून येणारी वाहने सुमारे शंभर किलोमीटर अंतर कापून अजिंठा घाट उतरतात, जळगावची वाहने दुसऱ्या बाजूने येतात आणि सारी गर्दी फर्दापूर टी-पॉइंटवर एकवटते. खासगी वाहने तेथेच ठेवून पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते. घाटाची वळणे, वाहनतळावर मागे येणाऱ्या मोटारी आणि बसची चढउतार या तिन्ही ठिकाणी ज्येष्ठांनी विशेष सावध असावे.

दुर्दैवाने अपघात घडलाच, तर अनेक घरांत एक वाक्य ऐकू येते : ‘या वयात कसली भरपाई? जीव वाचला, हेच पुष्कळ.’ त्यातील समाधान समजण्यासारखे आहे. मात्र त्यामुळे हक्क सोडून देणे योग्य नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ भरपाई मागणाऱ्याला वयाची अट घालत नाही.

गाडीत बसताना

मागच्या आसनावरही सीटबेल्ट बंधनकारक आहे. त्याचा खालचा पट्टा पोटावर न घेता ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर घ्यावा. वरचा पट्टा गळ्याला न घासता खांद्यावरून व छातीवरून जावा. ठिसूळ झालेल्या हाडांना चुकीचा पट्टाही इजा करू शकतो. चालू औषधांची यादी, रक्तगट आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेला कागद खिशात असू द्यावा.

पहिले काही तास

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मान किंवा पाठ दुखत असल्यास, आणखी धोका नसेल तर, जखमीला हलवू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर जखम किरकोळ दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वृद्धांच्या मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी कधी काही दिवसांनी, तर कधी काही आठवड्यांनी लक्षणे दाखवतो. वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यातील विसंगती किंवा चालताना तोल जाणे यांना ‘वयाचा परिणाम’ समजू नये. बरगडी मोडली असेल तर वेदनेमुळे खोल श्वास घेतला जात नाही आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो.

२०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार, नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालयात ‘रस्ते अपघात’ अशी नोंद करून घ्यावी आणि दुखणारा प्रत्येक अवयव डॉक्टरांना सांगावा. पहिल्या नोंदीत गुडघा आला नाही, तर ‘हा जुना संधिवात आहे’ असा आक्षेप पुढे घेतला जाऊ शकतो. अपघातापूर्वी आपण आधाराविना चालत होता, हे दाखवणारी जुनी वैद्यकीय कागदपत्रेही जपून ठेवावीत.

दावा कोठे करावा?

पर्यटकांना वाटते की अपघात फर्दापुरात झाला, म्हणजे खेपाही तिकडेच घालाव्या लागणार. तसे नाही. कलम १६६ नुसार अपघातस्थळाच्या, आपल्या निवासाच्या किंवा प्रतिवादीच्या निवासाच्या क्षेत्रातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. पुण्याचे आजोबा पुण्यातच दावा करू शकतात. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. तेवढ्या अवधीत अर्ज करणे हेच सुरक्षित.

कलम १६४ नुसार कोणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळतात. मात्र विमा कंपनीशी तडजोड करून ही रक्कम स्वीकारली, की कलम १६६ खालचा दावा संपुष्टात येतो. नुकसान मोठे असेल तर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. कोऱ्या कागदावर तर सही कधीच करू नये. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार व मृत्यूसाठी दोन लाखांची तरतूद आहे. त्याचा अर्ज मात्र अपघात घडला त्या भागातील महसूल अधिकाऱ्यांकडे करावा लागतो.

निवृत्तांच्या नुकसानीचे मोल

मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास वार्षिक उत्पन्नाच्या नुकसानीला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निश्चित केलेल्या कोष्टकात ६१ ते ६५ वर्षांसाठी हा आकडा ७, तर त्यापुढे ५ आहे. तो लहान असला तरी शून्य नाही. शिवाय उपचार, औषधे, रुग्णालयातील खेपा, मदतनीसाचे वेतन, वेदना आणि हिंडण्याफिरण्यातील गमावलेले सुख हेही मागता येते. त्यासाठी प्रत्येक पावती हवी.

‘मी कुठे कमावते?’ असे म्हणणाऱ्या आजींनी हेही लक्षात घ्यावे, की गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ आणि २०२१ मधील निकालांत मान्य केले आहे. स्वयंपाक, नातवंडांचा सांभाळ, आजारी पतीची शुश्रूषा ही सारी कामे त्यात येतात.

महिलांना उत्पन्नाची मर्यादा न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा १५१०० या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते. काळजीवाहकांनी पहिल्याच आठवड्यात एक फाईल करावी : पोलिसांचा प्रथम खबर अहवाल, रुग्णालयाची कागदपत्रे, पावत्या, वाहनाचा क्रमांक, विम्याचा तपशील आणि साक्षीदारांची नावे. मोडलेले हाड सांधेपर्यंत घरातील म्हाताऱ्या माणसाला ‘आपण मुलांवर भार झालो’ असे वाटू लागते. हक्काची भरपाई त्या भावनेवरही थोडा उतारा ठरते.