पावतीपुरते उरलेले मूल

मूल हरवल्याची तक्रार घेऊन आलेल्या आईला पोलिसांनी मुलाचे वय, बांधा, अंगावरचे कपडे विचारावेत, हे स्वाभाविकच होय. ऑटो प्रेमिंजर यांच्या ‘बनी लेक इज मिसिंग’ या १९६५ च्या ब्रिटिश रहस्यपटात मात्र तपास पाहता पाहता निराळ्याच प्रश्नापाशी येऊन ठेपतो: हे मूल मुळात होते काय?

अ‍ॅन लेक ही अमेरिकन तरुणी लंडनमध्ये भावाकडे नुकतीच आलेली. लहानग्या बनीला पहिल्याच दिवशी बालशाळेत सोडून ती नव्या घरी सामान लावायला जाते. परत येऊन पाहते तो मुलगी नाही, आणि तिला पाहिल्याचे सांगणारेही कोणी नाही. घरातून तिच्या वस्तू व पारपत्रही नाहीसे झालेले. गंमत अशी की, प्रेक्षकानेही बनीला अद्याप पाहिलेले नसते. त्यामुळे पोलिसांच्या संशयात तोही नकळत सामील होतो. लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा पोलीस अधिकारी कमालीचा सभ्य आहे, आणि त्याची ही सभ्यताच अधिक भीतिदायक वाटते. अखेरीस आईच्या हाती पुरावा उरतो तो बाहुल्यांच्या ‘इस्पितळा’तील दुरुस्तीच्या पावतीचा! मूळ कादंबरी न्यूयॉर्कमध्ये घडते. ती लंडनला आणताना जॉन व पेनेलोपी मॉर्टिमर या दांपत्याने पटकथा लिहिली. जॉन मॉर्टिमर स्वतः बॅरिस्टर होते. पुराव्याच्या या खेळात त्यांचा हात असावा, असे मानण्यास जागा आहे.

परंतु अ‍ॅनवर अविश्वास दाखवणे सर्वांना इतके सोपे का जाते? ती अविवाहित माता आहे. नवरा नाही, म्हणजे साक्षीदार नाही. आणि अशा स्त्रीच्या मनाचा तोल ढळला असेल, हे समाजाला चटकन पटते. ज्या ब्रिटनमध्ये हा चित्रपट निघाला, त्या ब्रिटनची हीच रीत होती. १९४९ ते १९७६ या काळात इंग्लंड व वेल्समध्ये अविवाहित मातांची सुमारे १ लाख ८५ हजार मुले दत्तक दिली गेली, असे ब्रिटिश संसदेच्या मानवी हक्क समितीने २०२२ च्या अहवालात नमूद केले. त्यांतील कित्येक मातांची संमती केवळ नावापुरती होती.

उत्तरार्धात प्रेमिंजर या प्रश्नापासून दूर सरकतात. सारा दोष एका विकृत मनावर ढकलला जातो आणि ज्यांनी अविश्वास दाखवला ते सहीसलामत सुटतात. चित्रपट येथे दुबळा होतो, अभिनय कितीही सरस असला तरी. प्रत्यक्षातील हिशेब चुकता व्हायला यापेक्षा फार वेळ लागला. स्कॉटलंड व वेल्सच्या शासनांनी या मातांची क्षमा मागितली ती २०२३ मध्ये. १९४९ साली विशीत असलेल्या मातांनी तोवर नव्वदी ओलांडली होती.