शकुंतलेचे वाफेचे इंजिन

परतवाडा आणि अचलपूर ही जुळी शहरे मुंबई–नागपूर लोहमार्गापासून बरीच उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेली असल्यामुळे त्यांचा रेल्वेशी संबंध आला तो एका शाखामार्गाच्या रूपाने. अचलपुराहून निघून पथ्रोट, अंजनगाव सुर्जी आणि दर्यापूर घेत, पूर्णा नदी ओलांडून मूर्तिजापूरला मुख्य मार्गाला मिळणारी ही ७६ किलोमीटरची शाखा आणि मूर्तिजापुराहून कारंजा, दारव्हा या गावांवरून यवतमाळला जाणारी ११३ किलोमीटरची दुसरी शाखा यांवर पूर्वी धावणाऱ्या गाडीला वऱ्हाडात ‘शकुंतला’ या नावाने ओळखतात. या गाडीवर पुष्कळ लिहिले गेले असले, तरी बहुतेक लेखनाचा सूर हळहळीचा असून, जे यंत्र तिला सत्तर वर्षांहून अधिक काळ ओढत होते त्याची रचना कशी होती आणि ते इतकी वर्षे टिकले कसे, या प्रश्नांकडे सहसा कोणी वळत नाही.

हे यंत्र म्हणजे ‘झेडडी’ वर्गाचे वाफेचे इंजिन. ते १९२१ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार झाले, १९२३ साली या मार्गावर रुजू झाले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. वृत्तपत्रांतून नेहमी एकाच इंजिनाची गोष्ट सांगितली जाते. मात्र जवळजवळ १९० किलोमीटरचा मार्ग एकाच इंजिनावर चालवणे अशक्य आहे, कारण वाफेच्या इंजिनाला बॉयलर धुण्यासाठी ठरावीक दिवसांनी थंड करावेच लागते. ‘झेडडी’ हे वर्गाचे नाव आहे, एखाद्या इंजिनाचे नव्हे. भारतीय रेल्वेच्या संकेतात पहिले अक्षर रुळांतील अंतर दाखवते. दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असलेल्या रुंद मार्गासाठी, म्हणजे ब्रॉडगेजसाठी ‘डब्ल्यू’, एक मीटर अंतराच्या मार्गासाठी ‘वाय’ आणि ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट अंतराच्या नॅरोगेजसाठी ‘झेड’. ‘झेडडी’मधील ‘डी’चा डिझेलशी काहीही संबंध नाही, डिझेल इंजिने पुढे ‘झेडडीएम’ या नावाने आली आणि दोन्ही नावांतील सारखेपणामुळे अनेकांचा गोंधळ झाला.

रूळ अडीच फुटांवर का टाकले, याचे उत्तर खर्चात आहे. रूळ जवळ आणले की रस्त्याचा भराव अरुंद होतो, पुलांना कमी रुंदी पुरते, वळणे अधिक तीव्र ठेवता येतात, आणि इंजिन व डबे हलके असल्यामुळे रूळही हलक्या वजनाचे चालतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेवर हेच माप वापरून दाखवले होते, आणि नंतर याच मार्गाने पंढरपूरच्या वारकऱ्यांची वाहतूक केली. वऱ्हाडातील कपाशीच्या काळ्या जमिनीवर हलका मार्ग सोयीचा वाटला, तरी ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, त्यामुळे रूळ सतत हलत राहतात, गँगमनचे काम कधी संपत नाही आणि वेग मर्यादितच ठेवावा लागतो. अचलपूर ते मूर्तिजापूर या प्रवासाला सुमारे चार तास लागत, त्याला इंजिनाच्या वयाइतकीच ही जमीनही कारण होती.

हा मार्ग कोणी बांधला याविषयी एक समज घट्ट बसला आहे की, वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचवण्यासाठी इंग्रजांनी शकुंतला सुरू केली. यातील निम्मे खरे आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद पडल्यामुळे मँचेस्टर परिसराची, म्हणजे लँकेशायरची नजर वऱ्हाडाकडे वळली आणि १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत गेला. तथापि युद्ध संपताच लँकेशायरचे गिरणीवाले लांब धाग्याच्या अमेरिकन कापसाकडे परतले. वऱ्हाडी पऱ्हाटीच्या आखूड धाग्याच्या कापसाला पुढे मुख्य गिऱ्हाईक मिळाले ते मुंबईच्या गिरण्यांचे, युरोप खंडातील सूतगिरण्यांचे आणि विसाव्या शतकात जपानचे. शाखामार्ग बांधला गेला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, म्हणजे ही उलथापालथ होऊन गेल्यानंतर. बंडीतून मूर्तिजापूरला जाणारा कापूस जिनिंग होऊन, सरकी वेगळी काढून, दाबलेल्या गठाणींच्या रूपात डब्यांतून जाऊ लागला हे खरे, पण त्या गठाणी मँचेस्टरलाच उतरत असतील असे मानण्यास आधार नाही. मँचेस्टरशी या मार्गाचा निर्विवाद संबंध आहे तो उलट दिशेचा: तिथून इंजिन आले.

बांधणारी कंपनी होती मुंबईतील किलिक, निक्सन आणि मंडळी. १८५७ साली स्थापन झालेली ही व्यापारी पेढी ‘मॅनेजिंग एजन्सी’ या पद्धतीने काम करी, म्हणजे भांडवल वेगवेगळ्या भागधारकांचे असे आणि कारभार पेढीकडे राही. सुरत ते अमळनेर या ताप्ती व्हॅली रेल्वेचा कारभारही तिच्याकडेच होता. वऱ्हाडच्या मार्गांसाठी तिने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. पुलगाव–आर्वी हा ३५ किलोमीटरचा मार्गही याच कंपनीचा. कंपनीकडे मालकी होती, पण गाड्या चालवण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आणि तिच्यानंतर मध्य रेल्वेने करायचे, असा करार होता. स्वातंत्र्यानंतर मोठमोठ्या रेल्वे कंपन्या सरकारच्या ताब्यात येऊन १९५१ साली मध्य रेल्वेची रचना झाली, तेव्हा हा छोटा मार्ग मात्र खासगीच राहिला. त्यावरून ‘ब्रिटिशांच्या मालकीची भारतातील शेवटची रेल्वे’ असे वर्णन दूरवर पोचले, परंतु ते नेमके नाही, कारण किलिक निक्सन ही पेढीच स्वातंत्र्यानंतर भारतीय उद्योजकांच्या हाती गेली होती.

या दुहेरी व्यवस्थेचा परिणाम इंजिनावर झाला. गाडी चालवणारा एक आणि मार्गाचा मालक दुसरा असला की नवी गुंतवणूक कोणी करायची हा प्रश्न लोंबकळत राहतो. मुख्य मार्गांवर चित्तरंजनच्या कारखान्यात तयार झालेली नवी इंजिने आली, तो कारखाना १९७२ साली शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर काढून पूर्णपणे डिझेल व विजेकडे वळला, तरी मूर्तिजापूरच्या शेडमध्ये १९२१चे यंत्रच रोज पेटवले जात होते. ते पुरातन म्हणून कोणी जपले नाही. बदलण्याची जबाबदारी कोणाची हे ठरत नव्हते, आणि यंत्र बंदही पडत नव्हते. बंद न पडण्याचे श्रेय मात्र त्याच्या बांधणीला आणि शेडमधील कामगारांना द्यावे लागते.

वाफेचे इंजिन हे मुळात चाकांवर बसवलेली एक भट्टी आहे. ड्रायव्हर आणि फायरमन ज्या जागी उभे राहतात तिच्या समोर लोखंडी दार असते. त्यामागे कोळसा जळतो. जळणातून निघालेले तप्त वायू पाण्याने भरलेल्या आडव्या पिंपातून, म्हणजे बॉयलरमधून गेलेल्या अनेक नळ्यांतून पुढे सरकतात आणि वाटेत पाण्याला उष्णता देतात. पाण्याची वाफ झाली की उघड्यावर ती सुमारे १,७०० पट जागा व्यापते; बॉयलरमध्ये तेवढी जागाच नसल्यामुळे दाब वाढतो. हा दाब सिलिंडरमधील दट्ट्याला ढकलतो, दट्ट्याचा दांडा चाकांना जोडलेला असतो आणि सरळ ढकलण्याचे रूपांतर फिरण्यात होते. वाफ दट्ट्याच्या एका बाजूने एकदा आणि दुसऱ्या बाजूने एकदा येत असल्यामुळे, दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला चार वेळा वापरलेली वाफ बाहेर फेकली जाते. ती धुराड्यातून जोराने वर जाताना आपल्यामागे भट्टीतील हवा खेचून नेते. मराठी मुलांच्या तोंडी असलेला ‘झुकझुक’ हा शब्द याच चार फेकींचा आवाज आहे, आणि त्यात एक सुरेख योजना दडलेली आहे: गाडीवर जितका भार अधिक, तितकी वाफ अधिक, तितकी हवा अधिक खेचली जाते आणि आग आपोआप तितकी भडकते.

एवढे असूनही या यंत्राची काटकसर बेताचीच असते. कोळशातून मिळणाऱ्या उष्णतेच्या शंभर भागांपैकी जेमतेम सहा ते आठ भाग गाडी ओढण्यास उपयोगी पडतात, बाकीचे धुराड्यातून उडून जातात. थंड इंजिन पेटवून कामाचा दाब चढेपर्यंत कित्येक तास जातात, म्हणून सकाळच्या गाडीसाठी रात्रीच आग लावावी लागते. फायरमनचे कौशल्य कोळसा किती टाकला यात नसून कुठे टाकला यात असते. जाळीवर थर सारखा पसरला नाही तर मध्ये भोक पडून थंड हवा आत येते आणि दाब उतरतो. त्याची दुसरी नजर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या उभ्या काचेच्या नळीवर असते. पाणी भट्टीच्या छताच्या खाली गेले तर धातू लाल होऊन बॉयलर फुटू शकतो, म्हणून छतात शिसे भरलेले एक बूच बसवलेले असते. ते वितळले की पाणी आणि वाफ आगीवर पडतात आणि चालकांना इशारा मिळतो.

वऱ्हाडात पाण्याचा प्रश्न अधिक बिकट होता. दर्यापूर, मूर्तिजापूर हा पूर्णाकाठचा प्रदेश खारपाण पट्टा म्हणून ओळखला जातो. तिथल्या विहिरींचे पाणी पिण्यासही जड जाते. असे क्षारयुक्त पाणी उकळले की क्षार मागे राहून नळ्यांवर पांढरट कवच धरतात, अगदी घरातील पाणी तापवण्याच्या बंबात धरतात तसे. कवच वाढले की उष्णता पाण्याला नीट पोचत नाही आणि कोळसा अधिक जळतो. म्हणून बॉयलर वरचेवर रिकामा करून धुणे, खरवडणे, गळक्या नळ्या ठोकून पक्क्या करणे ही कामे शेडमध्ये चालत. यातले जवळपास सगळे काम हातोडा, पाना, लेथ आणि भट्टी यांवर भागत असे. एखादा भाग झिजला तर तो जागेवर घडवता येई. डिझेल इंजिनाच्या बाबतीत हे शक्य नसते. सत्तर वर्षांचे आयुष्य यातून आले. यात मँचेस्टरच्या कारागिरीचे गुणगान करण्यासारखे फारसे काही नाही. वाफेचे यंत्र जिथे लोहार आहे तिथे दुरुस्त होते, एवढाच त्याचा अर्थ.

मार्गावरील कामकाजही इंजिनाइतकेच साधे होते. ठिकठिकाणच्या फाटकांवर माणसे नसत. गाडी थांबे, कर्मचारी उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाई आणि तो पुन्हा चढे. अनेक थांब्यांवर तिकीट गार्डच देई. एसटीपेक्षा भाडे कमी असल्यामुळे मजूर, शाळकरी मुले आणि अंजनगावच्या पानमळ्यांतील करंड्या घेऊन निघालेले व्यापारी यांना वेळेपेक्षा पैसा महत्त्वाचा असे. परतवाड्याच्या दृष्टीने या मार्गाला आणखी एक अर्थ होता: मेळघाटातील सागवान याच गावच्या लाकूडबाजारात उतरत असल्याने डोंगर आणि मुख्य लोहमार्ग यांच्यामधला दुवा इथे जुळत असे. इंग्रजांच्या काळात छावणी परतवाड्याला आणि जुने शहर शेजारी, तरी स्थानकाला नाव मिळाले ते त्या जुन्या शहराचे, म्हणजे वऱ्हाडच्या इमादशाही घराण्याच्या राजधानीचे, आणि ‘इलिचपूर’ या इंग्रजी उच्चारातून आलेली ‘ईएलपी’ ही सांकेतिक अक्षरे गावाचे नाव अचलपूर झाल्यावरही तशीच राहिली.

शकुंतलेचे इंजिन धावत होते त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला घडलेली एक गोष्ट शेजारी ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात ड्युरँगो ते सिल्व्हर्टन हा तीन फूट मापाचा सुमारे ७२ किलोमीटरचा मार्ग १८८२ साली चांदीच्या खाणींसाठी सुरू झाला. त्याच रेल्वेसाठी न्यू यॉर्क राज्यातील कारखान्यात बांधलेली ‘के-२८’ वर्गाची दहा इंजिने १९२३ साली, म्हणजे शकुंतलेचे इंजिन रुजू झाले त्याच वर्षी, कामावर आली. दहापैकी सात इंजिने १९४२ साली अमेरिकी लष्कराने अलास्काकडच्या मार्गासाठी नेली, उरलेली तीन आजही ड्युरँगोकडेच आहेत. खाणी बंद पडल्यावर हा मार्ग पर्यटकांसाठी राखला गेला आणि डोंगरातील देखाव्यामुळे तो स्वतःच्या पैशांवर उभा राहिला. अचलपूर–मूर्तिजापूर मार्गाची लांबी जवळजवळ तेवढीच, माप त्याहून अरुंद. परंतु वऱ्हाडच्या सपाट काळ्या रानात देखावा विकता येत नाही, आणि इथला प्रवासी मौजेसाठी बसलेला नव्हता.

१९९४ नंतर डिझेल इंजिनांनी तीच गाडी त्याच रुळांवर ओढली. देशातील रुंदमापी मार्गांवरून वाफेची इंजिने डिसेंबर १९९५मध्ये हटली, म्हणजे शकुंतलेची आग त्याआधी दीड-पावणेदोन वर्षे विझली होती. २०१६ साली रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात हा मार्ग रुंद करण्यासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली, आणि पुढील काही वर्षांत दोन्ही शाखांवरची गाडी थांबली. अचलपूर, दर्यापूर भागांत गाडी पुन्हा सुरू करण्यासाठी आंदोलने झाली, त्यांत दोन मागण्या अनेकदा एकत्र केल्या जातात: मार्ग ब्रॉडगेज करावा, आणि वाफेचे जुने इंजिन वारसा म्हणून पुन्हा धावावे. या दोन मागण्या एका रुळावर मावत नाहीत. ‘झेडडी’ची चाके ७६२ मिलिमीटरवर बसवलेली आहेत, १६७६ मिलिमीटरचा मार्ग झाल्यावर ते इंजिन चबुतऱ्यावर उभे करता येईल, चालवता येणार नाही. ते धावताना पाहायचे असेल तर परतवाड्याच्या बाजूचा पथ्रोटपर्यंतचा एखादा तुकडा अरुंदच सोडावा लागेल, आणि ते ठरवायचे तर जुने रूळ उखडण्याआधी ठरवावे लागेल.